प्रोसिडिंग बुकातील निळी ओळ

माहितीच्या अधिकारात 'का' विचारता येत नाही, ही गोष्ट आमच्याकडील जन माहिती अधिकाऱ्यांना कायद्यातील इतर कोणत्याही तरतुदीच्या आधी पाठ होते. माहिती म्हणजे अभिलेखात जे आहे ते. निर्णयामागची कारणे शोधून सांगणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे काम नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये म्हटले आणि कायद्याच्या शब्दांशी ते सुसंगतही आहे. मात्र या निवाड्याचा आधार ज्या तत्परतेने घेतला जातो, तशी तत्परता कलम ४ खालील सतरा बाबींची माहिती आपणहून जाहीर करताना मला क्वचितच दिसली आहे.

पंचायत समितीत विस्तार अधिकारी (पंचायत) या नात्याने आमच्या भागातील ग्रामपंचायतींची प्रथम अपिले माझ्याकडे येतात. त्यांतील बरीचशी ठरावीक मंडळींची असतात. एकच मजकूर सगळ्या ग्रामपंचायतींना पाठवायचा, सुनावणीला फिरकायचे नाही आणि मधल्या काळात तोडपाणी जमते का ते पाहायचे, असा त्यांचा शिरस्ता आहे. त्यांच्यामुळे ग्रामसेवक प्रत्येक अर्जदाराकडे संशयाने पाहू लागले आहेत आणि भरडला जातो तो खरा गरजू.

हे अपील एका विधवा शेतमजूर बाईंचे होते. जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे माहिती मागण्याच्या अर्जाच्या नमुन्यात, पुतण्याकडून लिहून घेतलेला एकच प्रश्न होता : 'घरकुलाच्या यादीतून माझे नाव का काढले?' त्यावर ग्रामसेवकांचे उत्तर मुदतीत गेले होते, जावक क्रमांक होता, अपील कोणाकडे करावे हेही लिहिले होते. 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' या एका वाक्यापुढे मात्र त्यात काही नव्हते. वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून बाई माझ्यासमोर आल्या त्या हे उत्तर घेऊन.

अर्जदाराला वाजवी साहाय्य करावे, असे हाच कायदा कलम ५(३) मध्ये सांगतो. 'का' विचारता येत नसेल, तर ते 'कोणत्या कागदावरून' असे विचारता येते आणि एवढे सुचवायला कायद्याची पदवी लागत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या याद्या २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावरून तयार झाल्या होत्या आणि ग्रामसभेत त्यांची छाननी होऊन अपात्र कुटुंबे वगळली जात होती. म्हणजे कागद असणारच. मी सुनावणी दुपारपर्यंत थांबवून ग्रामसभेचे मूळ प्रोसिडिंग बुक, म्हणजे इतिवृत्ताची नोंदवही, मागवले.

सभा गणपूर्तीअभावी तहकूब होऊन पुन्हा भरलेली होती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ही गोष्ट गावात ज्यांना सोयीची असते त्यांना ती बरोबर ठाऊक असते. ठराव काळ्या शाईत, सुटसुटीत अक्षरात होता. वगळलेल्या कुटुंबांची नावे, सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर', खाली सरपंचांची सही. 'सर्वानुमते मंजूर' आणि सही यांच्यामधल्या बोटभर जागेत निळ्या शाईत, दाटीवाटीने एक ओळ होती : बाईंचे नाव आणि 'दुचाकी असल्याने अपात्र'. त्या ओळीतील एक उकार खालच्या सहीच्या वेलांटीवर टेकला होता. आधी उकार की आधी सही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नव्हते.

ग्रामसेवक म्हणाले, "साहेब, नाव राहून गेलं होतं, सभेतच घातलं. पेन संपलं म्हणून दुसरं घेतलं." पुतण्याने ओळ वाचून दाखवल्यावर बाई म्हणाल्या, "गाडी पोराची हाय. त्यो पुण्याला येगळा ऱ्हातो, रेशनकार्ड बी येगळं हाय." दुचाकी ही त्या वेळी अपात्रतेची अट होती, २०२४ मध्ये ती काढून टाकण्यात आली.

खरी अडचण पुढेच होती. प्रमाणित प्रत द्यावी असा आदेश मी दिला. पण आमच्या झेरॉक्स यंत्रातून निघालेल्या प्रतीत सगळेच काळे झाले. दोन रुपये पानाप्रमाणे जो कागद बाईंच्या हाती पडणार होता, त्यात पाहण्यासारखे तेवढेच नाहीसे झाले होते. म्हणून कलम २(ञ) प्रमाणे मूळ नोंदवहीची पाहणी करू दिली, बाहेरच्या दुकानातून रंगीत प्रत काढवली आणि रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, लिहिले : 'ठराव काळ्या शाईत, अर्जदाराच्या नावाची ओळ निळ्या शाईत, सहीच्या लगत वर.' अभिलेख खरा की खोटा, हे ठरवण्याचा अधिकार प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला नाही. दंडही माहिती आयोगच करू शकतो. शाईचा रंग लिहिणे म्हणजे वर्णन की अभिप्राय, यावर आमच्या कार्यालयात अजून दोन तट आहेत. "आपलं काम प्रत द्यायचं, पंचनामा करायचं नव्हे," असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला सुनावले. मला ते पटत नाही. पेन खरोखर संपले असण्याची शक्यताही मी नाकारत नाही; पण मग मागाहून घातलेल्या ओळीशेजारी आद्याक्षरी (छोटी सही) का नाही, हा प्रश्न उरतोच आणि नेमका तोच विचारायची सोय या कायद्यात नाही.

गटविकास अधिकाऱ्यांकडे मी स्वतंत्र टिपणी ठेवली, तीवर चौकशी सुरू झाली आणि रंगीत प्रत जोडून बाईंनी यादीविरुद्ध दाद मागितली. आता त्यांचा दुसरा अर्ज आला आहे, या खेपेस पंचायत समितीकडे : 'चौकशीत नोंदवलेल्या जबाबांच्या प्रती मिळाव्यात.' प्रश्नचिन्ह कुठेही नाही. आमचे जन माहिती अधिकारी कलम ८(१)(ज) दाखवून, चौकशी चालू असल्याने नकार देण्याच्या बेतात आहेत. चौकशी चालू आहे एवढेच पुरेसे नसते, जबाब दिल्याने तिला अडथळा कसा येईल हे लिहावे लागते, असे मी त्यांना सांगितले आहे. मसुदा अजून त्यांच्या टेबलावर आहे.