अजिंठ्याच्या पद्धतीचा गिलावा शहाबादी फरशीवर: माझा अनुभव

इंटरमिजिएटची मुलं बाटलीतून पोस्टर कलर काढतात आणि कागदावर लावतात. रंग म्हणजे भुकटी आणि तिला धरून ठेवणारा चिकटा, हे त्यांच्या हाताला कधी लागतच नाही. म्हणून वर्गात आणि स्वतःच्या कामातही मी मातीच्या गिलाव्यावर डिंकात कालवलेले रंग वापरू लागले. अजिंठ्याची पद्धत साधारण हीच: खडबडीत ठेवलेला कातळ, त्यावर माती-भुशाचा गिलावा, वर पातळ पांढरा थर, आणि तो वाळल्यावर रंग. ओल्या चुन्यावर रंगवायची इटलीतली फ्रेस्को पद्धत वेगळी.

पायाला 12 इंच चौरस शहाबादी फरशी घ्यायची. प्लायवुड नको; एका अंगाला ओली माती बसली की ते वाकतं. फरशीची खडबडीत बाजू वर घेतली तरी तेवढ्यानं भागत नाही. पाट्याला टाकी लावतात तशी सगळीकडे अर्ध्या-अर्ध्या इंचावर टाकी मारून घ्यायची. ती न मारलेल्या फरशीवरचा गिलावा वाळला की अख्खा पापुद्रा हातात येतो.

खरी गोची मातीची. रानातली काळी माती चिकट असते, हाताला छान लागते, आणि तिसऱ्या दिवशी बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते. वाळू कितीही घाला, भेग जात नाही. आपल्याकडे माळवदावर टाकतात ती पांढरी माती घ्यायची. पडलेल्या माळवदाची मिळाली तर उत्तमच. या मातीसाठी गावातली जुनी गढी मात्र उकरू नये, तिच्या पोटात गावाचा इतिहास असतो.

खालच्या थराला 6 वाट्या चाळलेली पांढरी माती, 2 वाट्या बारीक वाळू, 2 वाट्या गव्हाचा भुसा आणि मूठभर अंबाडीचा वाख, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडले आहेत. तंतूंचं काम एकच, आकसणारी माती धरून ठेवणं. हा चिखल आठ दिवस आंबवायचा आणि रोज एकदा तुडवायचा. वास येतो, येऊ द्यावा. भुसा मऊ पडला की गिलावा हाताखाली लोण्यासारखा पसरतो. फरशी ओली करून तळहातानं दाबून 8 मिलिमीटरचा थर द्यायचा, वर काडीनं चरे ओढायचे आणि सावलीत पाच-सहा दिवस वाळवायचं. वैशाखात हे काम करू नये. वरचं अंग आधी वाळतं, आत ओल राहते आणि कडा उचलतात. करायचंच असेल तर पहिले दोन दिवस ओलं गोणपाट झाकावं. पावसाळ्यात भुशाला बुरशी येते. दिवाळी ते संक्रांत हा काळ सगळ्यात चांगला.

त्यावर फडक्यातून चाळलेली माती दोन भाग, बारीक वाळू एक भाग, असा 2 मिलिमीटरचा हात.

मग चुना. पंधरा दिवस पाण्यात मुरलेला चुना दुधाइतका पातळ करून तीन हात द्यायचे. जाड एकच हात दिला तर पोपडे येतात. शेवटचा हात अर्धवट ओला असताना, म्हणजे बोट टेकवलं तर गारवा लागेल पण पांढरं बोटाला येणार नाही अशा वेळी, नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन घोटायचं. ही वेळ दहा-पंधरा मिनिटंच टिकते, म्हणून वर्गात मी एका वेळी चारच फरश्या घेते.

रंग म्हणजे गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळी. गेरू पाण्यात ढवळून मिनिटभर थांबायचं, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि रात्रभर निवळू द्यायचं. खाली राहिलेली कचकच टाकून द्यायची. दुसऱ्या दिवशीही वरचं पाणी लालच दिसलं तर त्यात कृत्रिम रंग मिसळलेला असू शकतो. पिवडी कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर परतली की आधी तपकिरी आणि मग लाल होते, कारण तिच्यातलं पाणी उडून जातं. मुलांचे डोळे तव्यावरून हलत नाहीत. काजळी करडईच्या तेलाच्या दिव्यावर धरायची. ती पाण्यावर नुसती तरंगते. आधी चार थेंब स्पिरिट घालून मळली तरच भिजते. निळ्यासाठी अल्ट्रामरीन चालतो. प्रशियन ब्लू ताज्या चुन्यावर तपकिरी पडतो.

बाभळीचा डिंक 1 भाग, पाणी 2 भाग, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा. भुकटी आधी पाण्यात वाटून लगदा करायचा आणि चार चमचे लगद्याला एक चमचा डिंक घालायचा. पट्टा ओढून वाळू द्या आणि बोट फिरवा. बोटाला रंग आला तर डिंक कमी. चकाकी आली आणि कडा वळल्या तर जास्त. काजळीला नेहमीच थोडा जास्त लागतो.

चुना पाणी इतक्या जोरात ओढतो की कुंचला जागीच अडखळतो. म्हणून आधी डिंकाचं अगदी पातळ पाणी, आठाला एक, सगळीकडे फिरवून घ्यावं. गेरूनं रेषा काढायची, मग सपाट रंग, मग वर्तना, म्हणजे छटा देऊन उठाव आणणं, आणि शेवटी गडद रेषा. वर्तनेला ओला कुंचला घासला की खालचा रंग उठतो, कारण डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. कुंचला जवळजवळ कोरडा करून बारीक बारीक रेघा शेजारी शेजारी टाकायच्या, नाहीतर ठिपके. कागदावर फिका वॉश लावायची सवय झालेल्या हाताला हे जड जातं. दोन-तीन फरश्या त्यातच जातात.

वर व्हार्निश लावत नाही. अजिंठ्यात निजामाच्या काळात लाखेचा थर दिला होता, तो पुढे पिवळा पडला आणि खालचे रंग झाकोळले. फरशी भिंतीला टांगायची नाही, तिरक्या स्टँडवर ठेवायची, आणि धूळ मऊ कोरड्या कुंचल्यानंच झटकायची.