रविवारी पोरांना घेऊन डाऊनची गाडी पकडा

सोमवार ते शुक्रवार (आणि दुसरा-चौथा सोडून शनिवारसुद्धा) डोंबिवलीहून लटकत मुंबईला जायचं आणि रविवारी पोरांना फिरवायचं म्हणून परत त्याच गाडीने त्याच दिशेला जायचं, हा प्रकार मी आता बंद केलाय. म्हणजे पूर्ण बंद नाही, राणीची बाग आणि नेहरू सायन्स सेंटर हे सुटत नाही कुणालाच, पण आमच्या घरात आता नियम असा की रविवारी डाऊनला, म्हणजे मुंबईच्या उलट्या दिशेला जायचं. कल्याणच्या पुढे. कर्जतकडे नाहीतर कसाऱ्याकडे, कुठेही, पण पुढे.

कारण सांगते. सेंट्रलवाल्यांना नव्याने सांगायची गरज नाही, रविवार म्हणजे मेगाब्लॉक. साधारण अकरा ते चार माटुंगा-मुलुंड मध्ये रुळांचं काहीतरी काम चालू असतं, फास्ट गाड्या स्लोवर येतात, स्लो गाड्या फास्टवर जातात, आणि आपण भायखळ्याला उतरायचं म्हणून पोरांना दाराजवळ उभं करून ठेवलंय आणि गाडी तिथे थांबणारच नाही असं कळतं. बरं उन्हात दीड तास करून पोचलो राणीच्या बागेत तर पेंग्विनच्या काचेसमोर ही गर्दी. पेंग्विन आले 2016 ला, तेव्हापासून बागेत पाऊल ठेवलं की पोरांना आधी तेच बघायचं असतं. आमच्या धाकट्याला तिथे पेंग्विनपेक्षा एसीच जास्त आवडला. मला विचाराल तर तिथली खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला उभा असलेला घारापुरीचा दगडी हत्ती. इंग्रज तो 1864 मध्ये विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले आणि म्हणून तो इथेच राहिला. मोठीला ही गोष्ट प्रचंड आवडते, "बरं झालं तुटली" असं दरवेळी म्हणते. (बुधवारी बाग आणि म्युझियम दोन्ही बंद असतं हो, सुट्टीत जाणार असाल तर लक्षात ठेवा.)

पण परतीचा प्रवास! संध्याकाळी भायखळ्याला झोपलेलं पोर खांद्यावर, दुसऱ्या हातात पाण्याच्या बाटल्या आणि मोठीचा हात, आणि समोर कल्याण स्लो. त्यापेक्षा ऑफिस बरं.

तर डाऊन. सकाळी आठच्या सुमाराची बदलापूर नाहीतर कर्जत पकडायची. रविवारी सकाळी त्या गाडीत बसायला जागा असते, चक्क खिडकी मिळते, आणि हे वाक्य लिहिताना मला स्वतःलाच खोटं बोलल्यासारखं वाटतंय कारण एरवी आमच्या डोंबिवलीत सीट हवी म्हणून बायका उलट्या कल्याणला जाऊन तिथून बसून येतात. आणि लेडीजमध्ये चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकणं, काय असतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच माहिती. धाकटा नुकताच पाच पूर्ण झाला, म्हणजे आता त्याचं हाफ तिकीट लागतं, आणि या गोष्टीचा त्याला इतका अभिमान आहे की डब्यात शेजारी बसलेल्या कुठल्याही काकूंना तो आधी तेच सांगतो. एकदा एका काकूंनी "मुलगा मोठा झाला, आता जेंट्समध्ये पाठवा" असा शेरा मारला होता. बारा वर्षांखालच्या मुलाला लेडीजमध्ये चालतं हो काकू, नियमच आहे तो. हे मी म्हटलं नाही, नुसती हसले, रविवारी कोण भांडत बसणार.

उल्हासनगरला उतरलात तर नाश्ता दाल-पकवान. घरून पोहे-बिहे करून न्यायचं काही कारण नाही. फाळणीनंतर सिंधी लोक इथल्या मिलिटरी कॅम्पमध्ये राहायला आले, 1949 ला उल्हासनगर नाव मिळालं, पण रिक्षावाला अजून "कॅम्प कितवा?" असंच विचारतो, एक ते पाच. कुरकुरीत पकवान, वर चण्याची डाळ, कांदा, चिंचेची चटणी, पोरं बोटं चाटतात. आमच्या सासूबाई म्हणतात सकाळी सकाळी मैद्याचं तळलेलं देता पोरांना, आणि मग स्वतः दोन खातात. फक्त एक, तिथून जीन्सच्या बाजाराकडे वळू नका, अर्धा रविवार तिथेच जातो आणि पोरं वैतागतात ती वेगळीच.

आता अंबरनाथ. आमच्याकडची सगळ्यात आवडती जागा हीच आणि डोंबिवलीतले निम्मे लोक तिथे कधीच गेलेले नसतात, वेरूळला जाऊन आलेले असतात पण अंबरनाथला नाही, लोकलचं दहा रुपयांचं तिकीट आहे! स्टेशनपासून शेअर रिक्षा मिळते. शिलाहार राजांच्या काळातलं शिवमंदिर, मंदिरातल्या शिलालेखात शके 982 म्हणजे 1060 साल आहे, मुम्मुणी राजाचं नाव आहे. म्हणजे जवळजवळ हजार वर्षं. हे हजार वर्षं प्रकरण पोरांना कळत नाही, मोठीला मी म्हटलं की शिवाजी महाराजांच्याही आधी साडेपाचशे वर्षं, तेव्हा तिचे डोळे मोठे झाले. काळ्या दगडाचं आहे सगळं, बाहेरच्या भिंतीवर इंचभर जागा मोकळी नाही. आमचा खेळ असा असतो, मी सांगायचं हत्ती शोधा, तीन तोंडांचा देव शोधा, सांगाडा दिसणारी देवी शोधा, आणि दोघं मंदिराला चकरा मारत सुटतात. अर्धा-पाऊण तास मला कुणी हाक मारत नाही. मी कट्ट्यावर बसते.

आणि गाभारा! गाभाऱ्यात जायला वर चढायचं नसून खाली उतरायचं आहे, वीसेक पायऱ्या खाली, आत गारवा, आणि मान वर केली तर थेट आभाळ दिसतं कारण वरचं शिखर पूर्ण नाहीये. धाकट्याने पुजारीकाकांना विचारलं पाऊस आला की देव भिजतो का? काकांनी अजिबात न हसता सांगितलं, "भिजतो की. आवडतं त्यांना." मला हे उत्तर जाम आवडलं. महाशिवरात्रीला मोठी जत्रा असते, तेव्हा लहान मुलांना घेऊन अजिबात जाऊ नका, रांगेतच दिवस जाईल, जत्रेसाठी जायचं तर वेगळं. आणि हो, मंदिराच्या शेजारून वालधुनी वाहते. नदी आहे ती, पण वास आणि रंग बघून मोठीने विचारलं हा नाला का, आणि मला हो म्हणावं की नाही कळेना. कारखान्यांचं पाणी, शहराचं सांडपाणी, सगळं तिच्यात. हजार वर्षांपूर्वी ज्यांनी तिच्या काठी जागा निवडली त्यांना काय दिसत असेल तिथे, देव जाणे.

दुसऱ्या फाट्यावर, म्हणजे कसाऱ्याकडे, आम्ही कमी जातो. टिटवाळ्याचा गणपती आहे, पेशवेकाळापासूनचं देऊळ, लग्न जमत नसेल तर तिथे नवस करतात, आमच्या बिल्डिंगमधल्या दोन लग्नांचं श्रेय त्याला आहे असं सासूबाईंचं ठाम मत. मंगळवार आणि अंगारकी टाळा. संपलं.

कर्जत लाइनला मात्र खिडकीतूनच इतकं दिसतं की उतरलं नाही तरी चालेल. बदलापूर सुटलं की बिल्डिंगा मागे पडतात (दरवर्षी थोड्या अजून पुढे सरकतात म्हणा), मग उल्हास नदी, भातशेती, डोंगर. इथे मी पोरांना दोन गोष्टी सांगते. एक, 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हजाराच्या वर माणसं आत, बोटी आणून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. त्या दिवशी आम्हीही घरात पाणी किती वाढतंय ते बघत बसलेलो, मोठी तेव्हा बाळ होती.

दुसरी गोष्ट वांगणी स्टेशन आलं की. वांगणीत बरीच अंध कुटुंबं राहतात, लोकलमध्ये पेन, रुमाल, मोबाईलची कव्हरं विकणारे कितीतरी जण तिथेच उतरतात. 17 एप्रिल 2021 ला अशाच एका अंध आईचं लहान मूल प्लॅटफॉर्मच्या कडेवरून खाली रुळांवर पडलं, समोरून भरधाव एक्स्प्रेस, आई चाचपडतेय, आणि मयूर शेळके नावाचा पॉइंट्समन (रेल्वेचे सांधे बदलणारा कर्मचारी) रुळांवरून पळत आला, मुलाला वर ढकललं, स्वतः वर चढला आणि पुढच्या क्षणी गाडी गेली. व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. रेल्वेने पन्नास हजार बक्षीस दिलं, त्यातलं अर्धं त्याने त्या मुलाला दिलं. ही गोष्ट सांगितल्यापासून आमच्या धाकट्याला पायलट व्हायचं नाही, पॉइंट्समन व्हायचंय. आणि दोघंही पिवळ्या पट्टीच्या मागे उभे राहतात, न सांगता, जे मी आधी शंभरदा ओरडून झालं नव्हतं.

पावसाळ्याचं एक बोलते, थोडं कडू वाटेल. जून लागला की व्हॉट्सॲपवर कोंडेश्वर, भिवपुरी, कुठलेकुठले धबधबे फिरायला लागतात, "फॅमिली स्पॉट", "किड्स फ्रेंडली". कसले किड्स फ्रेंडली! वर डोंगरात पाऊस पडला की खाली पाच मिनिटांत पाणी वाढतं, दरवर्षी कुणीतरी बुडल्याची बातमी येते, दरवर्षी कलेक्टर बंदी घालतात आणि दरवर्षी लोक मागच्या वाटेने जातात. लहान पोराला कडेवर घेऊन कुंडात उतरलेले बाप मी डोळ्यांनी बघितलेत, रील काढत. आमच्याकडे पावसाळ्यात धबधबा गाडीच्या खिडकीतूनच बघायचा, नवऱ्याला हे पटत नाही, त्याची कॉलेजची मित्रमंडळी अजून जातात, पण पोरं माझ्याबरोबर असतात तेव्हा नाही म्हणजे नाही. पाऊस फारच असेल तर डोंबिवलीतच सावित्रीबाई फुले नाट्यगृहात एखादं बालनाट्य लागलंय का बघायचं आणि येताना फडके रोडवर भेळ.

मग राहिलं माथेरान. दिवाळीच्या सुट्टीत तेच आहे यंदा. घरात आत्तापासून वाद चालू, नेरळहून टॉय ट्रेनने जायचं का टॅक्सीने. गाडी 1907 सालची, दोन फुटाचे रूळ, एकवीस किलोमीटरला अडीच तासाच्या वर लागतात आणि तिकिटं इतकी कमी की सकाळी लवकर खिडकीवर उभं राहावं लागतं. नवरा म्हणतो एकदा तरी पूर्ण करूया, आयुष्यात एकदा. माझं मत, अडीच तास त्या इवल्याशा डब्यात आमचा धाकटा बसणार नाही, त्याला पहिल्या वीस मिनिटांत शू लागते. त्यापेक्षा नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत, तिथून पुढे मोटारींना बंदीच आहे, आणि तिथल्याच अमन लॉज स्टेशनहून टॉय ट्रेनची माथेरानपर्यंतची छोटी फेरी, म्हणजे शटल पकडायची. गाडी तीच, रूळ तेच, पोरांची हौस फिटते आणि वेळ वाचतो. पावसाळ्यात नेरळहून येणारी मोठी फेरी बंद असते तेव्हाही शटल बऱ्याचदा चालू असते. पोरांना घोडा हवा असेल तर आधी भाव ठरवा, नंतर बसवा. लाल माती पांढऱ्या कपड्यांवरून जात नाही, पांढरे मोजे तर घालूच नका. हातात खाऊची पिशवी दिसली की माकड ती घेणारच, चिक्की सॅकच्या तळाशी ठेवायची.

आणि परत येताना साडेचारच्या आत नेरळ स्टेशनला पोचा. त्यानंतरच्या कर्जतहून येणाऱ्या गाड्यांत ट्रेकवाली मंडळी आणि त्यांच्या सॅका आधीच भरलेल्या असतात, बदलापूरला अजून लोक चढतात, आणि मग दिवसभर कमावलेली खिडकीची मजा कल्याण यायच्या आत वसूल होते.