बापाची सुट्टी

आज आमच्या कारखान्यातला एक पोरगा बाप झाला. सुट्टी मिळाली दोनच दिवस, तीही पगार कापून. मला 2022 आठवलं. पाच महिन्यांची लेक दत्तक घेऊन आम्ही जळगावला आलो. मायने दारात भाकरतुकडा ओवाळला, म्हणाली, "घरमा लक्ष्मी उनी!" दुसऱ्याच दिवशी बायकोची रजा नाकारली. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने दत्तक आईला 12 आठवडे दिले होते, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं हवं होतं. अहो, बाळ सोपवणाऱ्या आईबापांनाच फेरविचाराला 60 दिवस असतात, मग पुढे कागदपत्रं! इतकं तान्हं बाळ हाती येणार कसं? बापाचं तर त्या कायद्यात नावही नव्हतं. केंद्र सरकारी नोकरीत 15 दिवस तरी मिळतात. आम्हा खासगीवाल्यांची बाळं वेगळी असतात का?

त्या पोराची रात्रपाळी आज मी घेतलीय.