तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रिटनला इतका उशीर का झाला?

मी इतिहास शिकवत असल्यामुळे हल्ली एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: भारताने पॅलेस्टाईनला 1988 मध्येच मान्यता दिली, मग ब्रिटनला त्यासाठी 21 सप्टेंबर 2025 हा दिवस का उजाडावा लागला?

माझ्या मते या उशिराचे मूळ 2 नोव्हेंबर 1917 च्या पत्रात आहे. परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी ब्रिटनमधील ज्यू समाजाचे नेते लॉर्ड रॉथशील्ड यांना कळवलेली ती घोषणा मूळ इंग्रजीत अवघी 67 शब्दांची आहे. तिच्यात पॅलेस्टाईनमधील ज्यूंच्या राष्ट्रीय निवासभूमीला पाठिंबा आहे, पण त्या भूमीवर बहुसंख्येने राहणाऱ्या अरबांचे नावही नाही. ‘बिगर-ज्यू समाज’ एवढीच त्यांची ओळख, आणि त्यांना आश्वासन फक्त नागरी व धार्मिक हक्कांचे. राजकीय हक्कांविषयी एक अक्षर नाही. वर्गात हे वाक्य वाचताना मी दरवेळी थांबतो. त्या सरकारातील ज्यू मंत्री एडविन माँटेग्यू यांनी या धोरणाला कडाडून विरोध केला होता; हे तेच भारतमंत्री, ज्यांच्या नावाच्या सुधारणा आपण शाळेत शिकतो.

29 नोव्हेंबर 1947 रोजी संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या ठरावावर मतदान झाले, तेव्हा त्या प्रदेशाचा कारभार हाती असलेला ब्रिटन तटस्थ राहिला. बरोबर 65 वर्षांनी, त्याच तारखेला, पॅलेस्टाईनला निरीक्षक राष्ट्राचा दर्जा देण्याच्या ठरावावरही तो तटस्थच राहिला. 2014 मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सने 274 विरुद्ध 12 मतांनी मान्यतेच्या बाजूने कौल दिला, परंतु तो सरकारवर बंधनकारक नव्हता. शांततेला सर्वाधिक उपयोग होईल तेव्हा मान्यता देऊ, हे सरकारचे उत्तर कायम राहिले. ती योग्य वेळ ठरवण्याचा अधिकार लंडनने स्वतःकडेच ठेवला, हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते. जुलै 2025 मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी मान्यतेचा इरादा जाहीर केला तोही इस्रायलने काही अटी पाळल्या नाहीत तर, अशा भाषेत. म्हणजे पॅलेस्टिनींचा हक्क पुन्हा दुसऱ्याच्या वागण्यावर टांगलेला राहिला.

तरीही मी या मान्यतेला पोकळ म्हणत नाही. जानेवारी 2026 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ भागातील पॅलेस्टिनी मिशनचा दूतावास झाला, आणि 1917 च्या पत्राने ज्यांचे नाव टाळले होते, त्यांचे नाव आता तिथल्या पाटीवर आहे.