गो, जेसन आणि रिकामे महिरपी कंस

गो या प्रोग्रॅमिंग भाषेत मेथड ज्यावर चालते तो तिचा रिसीव्हर. त्याचे व्हॅल्यू आणि पॉइंटर (म्हणजे पत्ता) हे दोन प्रकार मला लगेच समजले होते. व्हॅल्यू असेल तर मेथडला स्ट्रक्टची (फील्ड्सच्या गठ्ठ्याची) प्रत मिळते, पॉइंटर असेल तर मूळ स्ट्रक्टच हाती येतं. अडलं ते जेसनपाशी, म्हणजे डेटा मजकूर म्हणून पाठवायच्या फॉरमॅटपाशी, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

आमच्या बिलात ‘रक्कम’ नावाचा वेगळा टाइप होता. आत पैसे पूर्णांकात, फील्ड अनएक्स्पोर्टेड, म्हणजे पॅकेजबाहेर न दिसणारं. बाहेर रुपये दिसावेत म्हणून त्यावर मार्शलजेसन (व्हॅल्यूचं जेसन करणारी) मेथड, पॉइंटर रिसीव्हरची. बिलांची स्लाइस, म्हणजे यादी, पाठवली की रकमा अगदी बरोबर. एकच बिल पाठवलं की रकमेच्या जागी नुसते रिकामे महिरपी कंस! कंपाइलर गप्प, एरर नाही. डेटाबेस तपासला, कॅश रिकामी केली. शेवटी मेथडच्या पहिल्याच ओळीत लॉग टाकला, तर तो छापलाच जाईना. म्हणजे आमची मेथड कोणी बोलावतच नव्हतं.

पॉइंटर रिसीव्हरची मेथड पॉइंटरच्या मेथड सेटमध्ये (मेथड्सच्या यादीत) असते, व्हॅल्यूच्या नसते. एरवी व्हेरिएबलवर ती खुशाल चालते, कारण कंपाइलर परस्पर पत्ता काढून देतो. पण जेसन पॅकेजच्या मार्शल फंक्शनला बिल व्हॅल्यू म्हणून दिलं की त्याची प्रत इंटरफेसमध्ये (ठरावीक मेथड्स असलेलं काहीही सामावणाऱ्या टाइपमध्ये) जाते, आणि तिचा पत्ता काढता येत नाही. मग पॅकेज आपली मेथड सोडून नेहमीसारखी फील्ड्स लिहितं आणि अनएक्स्पोर्टेड फील्ड गाळतं. स्लाइसच्या घटकांचा पत्ता मिळतो, म्हणून यादी बरोबर यायची. मॅपमधल्या (की-व्हॅल्यू जोड्यांतल्या) व्हॅल्यूंचा मिळत नाही, म्हणून टेस्ट लिहाल तेव्हा मॅपही घ्या. निव्वळ स्लाइसवरची टेस्ट पास होते आणि खोटा दिलासा देते.

रिसीव्हर व्हॅल्यू केला आणि रकमा दिसू लागल्या. अनमार्शलजेसन, म्हणजे जेसन वाचून व्हॅल्यू भरणारी मेथड, मात्र पॉइंटरवरच ठेवा, तिला मूळ बदलायचं असतं. एका टाइपच्या सगळ्या मेथड्सचे रिसीव्हर एकाच प्रकारचे असावेत हा सल्ला चांगला आहे, पण इथे तो मोडायला कचरू नका. स्टँडर्ड लायब्ररीतला टाइम टाइपही असाच आहे.

आणि हो, टाइपखालीच एक ओळ लिहून ठेवा: अंडरस्कोर नावाचं, जेसन मार्शलर इंटरफेसचं व्हेरिएबल, त्यात रकमेची रिकामी व्हॅल्यू. रिसीव्हर पॉइंटर असेल तर बिल्डच अडतो, आणि मेथडला पॉइंटर रिसीव्हर आहे असं कंपाइलर स्पष्ट सांगतो. स्ट्रक्टमध्ये म्यूटेक्स (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणारं कुलूप) असेल तर मात्र व्हॅल्यू रिसीव्हर नकोच, कुलपाचीच प्रत निघते. ते गो व्हेट हे गोचं तपासणी टूल पकडतं.