ताप उतरला त्या दिवशी

दसऱ्याचा आदला दिवस, माझी सकाळची ड्यूटी. इंदुरात पाऊस सरला की दरवर्षी आमचा वॉर्ड डेंग्यूने भरतो, तसा त्या वर्षीही भरला होता. खिडकीजवळच्या खाटेवर रामबागेतला 16 वर्षांचा मुलगा होता, वजन 50 किलो, तापाचा पाचवा दिवस. मी हँडओव्हर घेऊन खाटेशी गेले तेव्हा घरच्यांचे चेहरे खुललेले. रात्रीतून ताप उतरला होता. वडील राजवाड्याजवळून गरम पोहे-जलेबी घेऊन आले होते आणि आजी मला म्हणाल्या, "ताई, सुटलो बाई एकदाचे. उद्या याला घरी सोडा, श्रीखंडासाठी चक्का टांगून आलेय."

मुलाला मात्र पोह्यांचा वासही नको होता. त्याने मान भिंतीकडे वळवली.

मी त्याचा हात हातात घेतला. कपाळ गार असणं समजू शकते, पण हातही गार आणि घामेजलेला होता. नख दाबून सोडलं तर गुलाबी रंग परतायला चार सेकंद लागले. नाडी 124. बीपीचं मशीन बाजूला ठेवलं आणि पट्टा बांधून कानाने ऐकलं. 100 ला ठोका सुरू झाला आणि 84 ला बंदही पडला. वरच्या आणि खालच्या आकड्यात फक्त 16 चं अंतर. वरचा आकडा पाहून कोणीही म्हणेल, बीपी ठीक आहे. पण डेंग्यूत हे अंतर 20 किंवा त्याहून कमी झालं की पेशंट शॉकमध्ये आहे असंच धरायचं, मग तो कितीही नीट बोलत असो. लघवीचं भांडं पाहिलं, रात्री 10 पासून जेमतेम 150 मिली.

डॉक्टरांना फोन करता करता मी पीसीव्हीचा, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत त्याचा, रिपोर्ट मागवला. रक्त घट्ट झालं की हा आकडा वाढतो. भरती झाला तेव्हा 39 होता, आता 49. वडिलांनी तोवर मला तीनदा विचारलं होतं, "सिस्टर, प्लेटलेट किती?" प्लेटलेट 38,000 होत्या आणि कुठूनही रक्तस्राव नव्हता, त्यामुळे त्या चढवायची गरज नव्हती. या एका आकड्यापायी लोक पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध शोधत गावभर फिरतात, ओळखीपाळखीतून रक्तदाते गोळा करतात. पीसीव्ही किती वाढला, हे मात्र इतक्या वर्षांत मला एकाही नातेवाइकाने विचारलेलं नाही. त्या सकाळी त्या मुलाचा जीव याच आकड्यात अडकला होता.

डॉक्टर पाच मिनिटांत आले. सलाईन पूर्ण वेगात, तासाभरात 500 मिली. मी वेळ लिहिली, 8:25. आजी घाबरून माझ्या मागे उभ्या. "ताप नाही, रक्त नाही गेलं, मग झालं काय त्याला?"

मी म्हटलं, "आजी, फडक्यात दही बांधून टांगलंय ना तुम्ही? पाणी गळतं आणि आत काय राहतं?"

"चक्का."

"याच्या अंगात तेच चाललंय. केसाहून बारीक नळ्या असतात, त्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतंय. आत रक्त घट्ट होतंय."

असं थोडं पाणी प्रत्येकाच्याच केशवाहिन्यांतून सतत झिरपत असतं. हृदयाचा दाब ते बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत ओढून धरतात. जे निसटतं ते लसिकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात आणून सोडतात. केशवाहिनीला आतून साखरेच्या साखळ्यांचं एक तलम अस्तर असतं, प्रथिनं अडवायचं बरंचसं काम त्याचं. डेंग्यूच्या पहिल्या दिवसांत आपण रक्तात जे एनएस वन शोधतो, ते विषाणूचं प्रथिन हेच अस्तर खरवडतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. मग पाण्याबरोबर अल्ब्युमिनही बाहेर जातं आणि आत ओढणारं बळ कमी पडतं. या मुलाचं अल्ब्युमिन 2.8 वर आलं होतं. सोनोग्राफीत पोटात पाणी, उजव्या फुफ्फुसाखाली पाणी, पित्ताशयाची भिंत सुजलेली. म्हणजे शरीरातून काही गेलंच नव्हतं, ते नळीच्या बाहेर जाऊन बसलं होतं. आणि ही गळती बहुतेकदा ताप उतरतानाच सुरू होते, घरी निघायची बॅग भरली जाते नेमकी तेव्हा.

साडेनऊला बीपी 106/74. हात कोमट झाले. पीसीव्ही 44. डॉक्टरांनी लगेच ड्रिपचा वेग कमी केला आणि पुढे दर काही तासांनी करतच गेले. नळी गळकी असताना भरमसाट ओतलं तर तेही छातीतच साचणार. दिवसभर मी तासातासाला नाडी, बीपी आणि लघवी मोजत होते. दुपारी दोनला ड्यूटी संपली तरी पाय निघेना. चारचा पीसीव्ही 43 आला, तेव्हा घरी गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळाच प्रसंग. ड्रिप पूर्ण बंद केली होती आणि वडील चिडले होते. "परवा बाटलीनेच वाचला ना? मग आज काढून का टाकली? पैसे मी भरतोय."

त्यांचा राग मला कळत होता. पण गळती दीड-दोन दिवसांत थांबते आणि बाहेर साचलेलं पाणी आपणहून रक्तात परतू लागतं. त्यावर आणखी सलाईन चढवलं तर फुफ्फुसात पाणी भरून तोच मुलगा गुदमरतो. या टप्प्यावर दम लागलेले पेशंट मी पाहिलेत, म्हणून बाटली वेळेवर काढणं मला ती लावण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

1896 साली अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या मागच्या पायात मिठाचं पाणी टोचलं, ते रक्तात शोषलं गेलं. रक्ताचा सीरम टोचला, तर तो तसा शोषला गेला नाही, कारण त्यात प्रथिनं होती. पाणी रक्तात परत ओढण्यामागे प्रथिनांचं बळ आहे, हे त्याने त्यातून ओळखलं. कॉलेजात हे मी पाठ केलं होतं. त्या सकाळी खाटेखालचं भांडं मापात ओतताना ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. 400 मिली, तासाभराने आणखी 350, स्वच्छ, फिकट पिवळी. पीसीव्ही 38. पायांवर लाल पुरळ, मधे मधे पांढरे ठिपके, आणि मुलगा खाजवून हैराण. बरं होतानाची ही खूण.

मी वडिलांना मापाचं भांडं दाखवलं. ते काही बोलले नाहीत. आजींनी मात्र पुढे वाकून रेघ नीट पाहिली आणि विचारलं, "म्हणजे गळालेलं सगळं परत आलं?"

"येतंय, आजी. अजून एक दिवस लागेल."

मुलाने तेवढ्यात विचारलं, पोहे आहेत का.