खपली

रात्रीचे पावणेअकरा.

हनुवटीवरची खपली आज बाराव्या दिवशी आपोआप गळून पडली. एवढ्याशा गोष्टीची नोंद करावी का, असे क्षणभर वाटले. पण माझ्या चेहऱ्यावरची एखादी खपली तिच्या वेळेने सुटावी आणि तोवर तिला माझे नख लागू नये, हे गेल्या कित्येक वर्षांत घडलेले नव्हते.

गेल्या महिन्यात त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, तेव्हा पिशवीत पाच बाटल्या भरून नेल्या होत्या. त्यांतली कोणती मला सोसत नाही, एवढेच त्या सांगतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी बाटल्या पाहिल्याही, पण त्याआधी विचारले, “तुम्ही खपल्या कधी काढता?” काढता का, असे त्यांनी विचारलेच नाही, ते त्यांना दिसतच होते. उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. कोणाशी फोनवर खटका उडाल्यानंतर, दुसऱ्या दिवशीच्या कामाची धास्ती असताना, झोप येत नसताना. मनात काही डाचू लागले की माझी बोटे चेहऱ्यावर खडबडीत जागा शोधत फिरतात आणि तशी जागा सापडली नाही, तर ती तयार करतात. ज्या ज्या वेळी हात चेहऱ्याकडे जाईल, ती वेळ आणि त्याआधी काय घडले ते लिहून ठेवा, असे बाईंनी सांगितले. ही रोजनिशी त्यातूनच सुरू झाली.

घरी या सवयीला ‘नसती खोड’ म्हणत आणि मीही तसेच समजत आले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या विकारसूचीत, त्वचा सतत कोरण्याच्या या सवयीचे तीव्र रूप स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेले आहे, हे मला परवा कळले. माझे प्रकरण तिथवर गेलेले नाही, असे बाई म्हणाल्या. तरीही आपल्या खोडीची कोणीतरी गंभीरपणे दखल घेतलेली आहे, हे कळल्यावर मला चक्क हलके वाटले.

त्वचा आणि मज्जासंस्था या दोन्ही गर्भाच्या एकाच बाह्यस्तरातून घडतात, हे शाळेत पाठ केले होते. त्याचा अर्थ आता हनुवटीवर समजतो आहे. ताण लांबला की कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि त्वचेच्या वरच्या थराची डागडुजी मंदावते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूला दोनदा बारीकशी जखम केली होती, एकदा सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. अकराच जणांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, हे खरे. पण वाचताना वाटले की हाच प्रयोग मी वर्षानुवर्षे स्वतःवर करत आले आहे, फक्त नोंदी ठेवल्या नाहीत.

त्या पाच बाटल्यांपैकी आता सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सकाळचे सनस्क्रीन एवढेच उरले आहे. मृत त्वचा काढणारे एक्सफोलिएटर बंद झाले, ते बरेच झाले. खपली काढल्याच्या रात्री मी ते मुद्दाम जास्त चोळत असे आणि चेहऱ्याची आग होऊ लागली की मनाला कुठेतरी बरे वाटत असे, हे लिहिताना आज लाज वाटते. याला मी ‘त्वचेची काळजी’ म्हणत होते. शिवाय वरचा थर पुरता नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, हे ठाऊक असूनही मी रोज सकाळी निकाल पाहायला आरशासमोर उभी राहत असे.

हल्ली रात्री आरशावरचा पांढरा दिवा मी लावतच नाही. वाटाण्याएवढे क्रीम तळहातांत थोडे कोमट करून घेते आणि नाकपुडीपासून कानापर्यंत बोटे सावकाश नेते. मनात चार आकडे मोजून होईतो बोटे कानाशी पोहोचतात; पूर्वी हेच काम मी टेबल पुसल्यासारखे दोन सेकंदांत उरकत असे. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर एवढ्या संथ स्पर्शाला विशेष प्रतिसाद देणारे मज्जातंतू त्वचेत असतात. मात्र स्वतःच्या हाताचा स्पर्श मेंदूला दुसऱ्याच्या स्पर्शाइतका जाणवत नाही. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे या चार आकड्यांचे मी फार कौतुक करणार नाही. मला मिळालेला फायदा साधा आहे: तेवढा वेळ माझी बोटे चेहऱ्यावर असतात आणि काहीही शोधत नसतात.

बाटलीवर ‘स्वतःवर प्रेम करा’ असे छापलेले दिसले की मला अजूनही चीड येते. ज्या वर्षी मन खरोखर खचले होते, त्या वर्षी समुपदेशकाकडे जाऊनच मी सावरले. तेव्हा घरात क्रीमची काही उणीव नव्हती.

गुरुवारची नोंद राहिली आहे. सायंकाळी वाद झाला आणि भान आले तेव्हा नखाला रक्त लागलेले होते. जागा पाण्याने धुतली, वर पॅच चिकटवला आणि झोपले. आग होईपर्यंत चोळण्याचे त्या रात्री मनातही आले नाही, हे सकाळी लक्षात आले.

उजव्या भुवईजवळ आज एक नवी पुटकुळी आलेली आहे. हात तिकडे दोनदा गेला. पहिल्या वेळी तो मी खाली घेतला, दुसऱ्या वेळी ही वही उघडली.